टिलीच्या वेण्या

"नीवी आली!" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं आणि टिलीने हातातलं लाटणं ओट्यावर तसंच सोडलं.

मीनाक्षी तिला पिझ्झाची पोळी लाटायला शिकवत होती. टिली दहा वर्षांची. कुणाजवळ फार वेळ थांबायची तिला सवय नव्हती, पण आज ती मीनाक्षीशेजारी बराच वेळ उभी होती. पोळी गोल होत आली होती. एवढ्यात दाराची बेल वाजली आणि पिठाच्या हातांनीच टिली हॉलकडे धावली. पोळीची कड फाडत लाटणं घरंगळत जाऊन सिंकमध्ये पडलं.

हॉलमधून निवेदिताचा, मुलांच्या नीवीचा, आवाज आला. मुलांशी ती इंग्रजीतच बोलायची, पण मुलांना कामाला लावायचं असलं की तिच्या तोंडून "चला, चला!" निघायचं. आता ते घरभर झालं होतं. सहाच्या सहा मुलं एकमेकांना जेवायला बोलावताना, टीव्हीसमोरून उठवताना "चला, चला" म्हणत. मीनाक्षीला पहिल्या दिवशी त्याची गंमत वाटली होती. नंतर वाटेनाशी झाली. भाषा तिचीही होती, पण या घरात ती निवेदिताच्या नावावर लागली होती.

"मीनू! काय मस्त वास येतोय गं." निवेदिता स्वयंपाकघरात आली तेव्हा टिली तिच्या बाहीला धरून होती. "तू असतेस म्हणून मी निवांत येते बघ आता."

"ये ना. तुझीच वाट बघत होती सगळी," मीनाक्षी हसून म्हणाली आणि फाटलेली पोळी पुन्हा मळायला घेतली.

ब्रिस्टलच्या उत्तरेकडचं हे लाल विटांचं घर बाहेरून चार घरांसारखंच होतं. दारावर पाटी नव्हती. इथली मुलं कुठे राहतात हे शाळेत कुणाला कळू नये, म्हणून ती मुद्दाम लावलेली नव्हती. आईवडील असूनही ज्यांना त्यांच्याजवळ ठेवता येत नाही अशी सहा मुलं इथे राहत. पगारी माणसं पाळ्यांनी असत आणि वर दोन-तीन स्वयंसेवक. निवेदिता त्यांतली जुनी. शाळेतून फिजिक्स शिकवून रिटायर झाल्यावर ती इथे यायला लागली आणि मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारू लागलं, "मग, तुझी मुलं कशी आहेत?" मीनाक्षी ते शेजारच्या खुर्चीवरून ऐकायची.

चष्म्याच्या ज्या दुकानात मीनाक्षी रिसेप्शनवर होती ते बंद झालं, तेव्हा तिनेच निवेदिताला विचारलं, "मला घेतील का गं तिथे?" पोलिसांकडची तपासणी झाली, दोन शिफारसपत्रं झाली, ट्रेनिंगचा दिवस झाला. मुलांच्या खोलीत जायचं नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आईबापांविषयी विचारायचं नाही. पाळता न येणारं वचन द्यायचं नाही. मीनाक्षीने सगळं नीट ऐकून घेतलं. मुलगी वाढवलेल्या बाईला यात अवघड काय, असंच तिला वाटलं.

पहिली चूक जेवणात झाली. जेडन नावाचा मोठा मुलगा पास्ता संपवून "नो, थँक्यू" म्हणाला आणि तिने "अरे, एवढंसं!" म्हणत आणखी एक डाव त्याच्या ताटलीत घातला. नागपूरला तिच्या माहेरी पहिल्या 'नको'ला कुणी मोजतच नसे. 'नको' म्हणायचं ते रीत म्हणून, आणि वाढायचं ते माया म्हणून. जेडनने ताटली दूर सारली, तो उठला आणि संध्याकाळभर खोलीतून बाहेर आला नाही.

मॅनेजर शॅरनने तिला बाजूला घेतलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "या मुलांच्या 'नको'ला आजवर कुणी किंमत दिलेली नाही. इथे आपण ती देतो. बाकी काही जमलं नाही तरी एवढं."

मीनाक्षीने मान डोलावली. तिने ते जेवणापुरतं लक्षात ठेवलं.

पिझ्झाच्या त्या शनिवारी निवेदिताच्या गाडीतून घरी जाताना पाऊस लागला होता. सिग्नलला गाडी थांबली तशी निवेदिता म्हणाली, "मग, ईशिताचं ठरलं ना? कधीपासून जाणार?"

ईशिता मीनाक्षीची मुलगी. केंब्रिजला एका लॅबमध्ये संशोधन करायची.

"कुठे जाणार?"

निवेदिताने तिच्याकडे वळून पाहिलं. "अगं, ते टीचर ट्रेनिंगचं. लॅब सोडायची म्हणत होती ना. मला फोन केला होता तिने, शाळेचं काम कसं असतं विचारायला. तुला बोललीच असेल."

"बोलली ना," मीनाक्षी म्हणाली. "बोलली तर."

वायपर इकडून तिकडे जात राहिले. विषय बदलावा म्हणून की काय, निवेदिताच पुढे म्हणाली, "बरं, एक सांगायचं राहतंय तुला. टिलीच्या केसांचं. ते तिचे केस आहेत ना—"

"मला कळतं गं."

"तसं नाही मीनू, ऐक तर—"

"मीही मुलगी वाढवलीये, निवेदिता. इथेच सोड मला कोपऱ्यावर. दूध घ्यायचंय."

फ्रिजमध्ये दूध होतं. पावसात ती उरलेला रस्ता चालत गेली.

घरी गेल्यावर ओला कोट न काढताच तिने फोन लावला.

"आई, तू लगेच टेन्शन घेते," ईशिता म्हणाली. सहाव्या वर्षी इकडे आलेल्या ईशिताचं मराठी अजून त्याच वयाचं होतं. "म्हणून मी आधी मावशीला विचारली. ती टीचर होती ना. त्यात माझा काय चूक आहे?"

"काही नाही बेटा. चांगलं केलंस."

फोन ठेवल्यावर यतीन सोफ्यावरून म्हणाला, "खरंच, विचारलं तर काय झालं? निवेदिताचं आयुष्य गेलंय शाळेत."

"आणि माझं कुठे गेलं?"

यतीन विमानांच्या पंखांची कामं करणारा इंजिनियर. ज्याचं उत्तर काढता येत नाही अशा प्रश्नांपासून तो लांब राहायचा. त्याने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, एवढंच.

मीनाक्षी तिथेच बसून राहिली. ईशिताचे केस ती रोज सकाळी विंचरायची. खोबरेल तेल, दोन वेण्या, वर दुमडून रिबिनी, अगदी तिच्या स्वतःच्या नागपूरच्या शाळेसारख्या. इथल्या मुली हसतील, असं यतीन म्हणायचा. हसल्या नाहीत. उलट एकीने आपल्यालाही तशा घालून मागितल्या होत्या. मग मोठ्या शाळेत गेल्यावर एका सकाळी ईशिता स्वतःच पोनीटेल बांधून खाली आली आणि सीरियल खाऊ लागली. मीनाक्षी कंगवा हातात घेऊन खुर्चीमागे उभी होती. "आय एम फाइन, आई," ईशिता म्हणाली होती, वर न बघता. आता तर तिने केस मानेपर्यंत कापले होते.

पुढच्या शुक्रवारी निवेदिता नव्हती. भाच्याच्या मुंजीला लंडनला, वेम्बलीला गेली होती. मीनाक्षीला बसमधूनच हलकं वाटत होतं. आज बेल वाजणार नव्हती.

टिली बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून कार्टून बघत होती. तिचे केस कंबरेपर्यंत, वाळल्या गवताच्या रंगाचे. मागे मात्र त्यांचं पार घरटं झालं होतं. मानेवर एक गोळाच बसला होता, त्यात कसलासा धागाही अडकला होता. मीनाक्षी ते आठवड्यामागून आठवडे बघत होती. एवढी माणसं पगारावर, आणि एका पोरीच्या केसांतून कंगवा फिरवायला कुणाला वेळ नाही! शॅरनला नाही ते नाही. पण निवेदिता? तिच्या बाहीला लोंबकळणाऱ्या पोरीच्या मानेवर हे घरटं, आणि ते तिला दिसू नये? हा विचार मनात आला तेव्हा मीनाक्षीला राग यायला हवा होता. तिला आला तो आनंद.

"टिली, केस विंचरून देऊ?"

"नो, थँक्यू."

"नुसती टोकं. दुखणार नाही."

"नो, थँक्यू."

शेजारच्या खोलीत शॅरन एका मुलाचा गृहपाठ घेत होती. दार उघडं होतं. मीनाक्षी सोफ्याच्या कडेवर टेकली. आवाज आणखी मऊ करून ती म्हणाली, "शाळेत मुली काही म्हणत नाहीत का गं, असे केस बघून?"

टिलीने पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 'हो' म्हणाली नाही. नुसती वळली आणि मीनाक्षीकडे पाठ करून बसली.

मीनाक्षीने ते 'हो' धरलं.

पर्समध्ये खोबरेल तेलाची लहान बाटली होती. ती हल्ली कशासाठी बाळगते, हे तिलाही सांगता आलं नसतं. टोकांपासून सुरुवात केली. मुळाशी केस घट्ट धरले, ओढ बसू नये म्हणून. हातांना सगळं आठवत होतं. गोळा सुटायला फार वेळ लागला. टिली हूं की चूं करेना. खांदे खाली सोडून ती बसली होती, आणि मीनाक्षीला वाटलं, पोरीला बरं वाटतंय. कित्येक दिवसांत कुणी डोक्यावरून हात फिरवला नसेल. भांग पडला. दोन वेण्या झाल्या. भेटवस्तूंच्या डब्यातली लाल फीत कापून तिने त्या वर दुमडून बांधल्या.

टिलीने दोन्ही हातांनी वेण्या चाचपल्या. "थँक्यू," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. कार्टून चालूच राहिलं.

बसमध्ये मीनाक्षीने निवेदिताला मेसेज पाठवला : 'आज टिलीच्या वेण्या घातल्या. स्वतःहून पाठ करून बसली माझ्याकडे.' दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. त्याऐवजी फोन वाजला. निवेदिता. मीनाक्षीने तो वाजू दिला. परत वाजला. जळली असेल, तिला वाटलं, आणि आपण असं वाटून घेतोय याची लाजही वाटली नाही. खिडकीच्या काचेत तिला स्वतःचं हसू दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, टिलीची आई आली.

महिन्यातून एकदा, एक तास, आणि तोही कुणाच्या तरी नजरेखाली, अशी परवानगी होती. मीनाक्षीने तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. केली तिचं नाव. लहानखुरी बाई, सुपरमार्केटचा टीशर्ट कोटाखालून दिसत होता. समुद्रकाठच्या वेस्टन गावाहून बसने आली होती. हातातल्या कापडी पिशवीतून ब्रशचा दांडा वर आला होता.

भेटीची खोली मीनाक्षी काम करत होती त्या स्वयंपाकघरासमोरच. दार नियमाप्रमाणे अर्धवट उघडं, आत कोपऱ्यात शॅरन. केलीने आत जाऊन कोट काढला, ब्रश काढला, एक स्प्रेची बाटली काढली, आणि मग तिने टिलीकडे पाहिलं.

जवळ जाऊन तिने एक वेणी हातात घेतली, वास घेतला.

"हे कुणी केलं?"

टिली जमिनीकडे बघत होती. "मी नको म्हटलं होतं, मम," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. झालं ते तिने सांगितलं. "दोनदा."

केलीने ब्रश पिशवीत परत ठेवला. बाटलीही ठेवली. मग दोघी सोफ्यावर शेजारी बसून टीव्ही बघत राहिल्या. चहा होईपर्यंत केली थांबली नाही. तास संपायच्या बऱ्याच आधी दार लागल्याचा आवाज आला.

शॅरन स्वयंपाकघरात आली. दार लावून घेतलं तिने. सिंकपाशी निवेदिता होती. वेम्बलीहून सरळ आली होती, मुंजीतली जरीची ओढणी अजून अंगावर होती.

"टिली महिनाभर कुणाला केसांना हात लावू देत नाही," शॅरन म्हणाली. "आई येईपर्यंत. ती आली की ब्रश घेते आणि तासभर तो गुंता सोडवते. दोघींना बोलायला दुसरं काही सुचत नाही गं. हेच त्यांचं बोलणं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते तसंच ठेवायचं ठरवलंय. या घरात ते केस केलीचे आहेत."

मीनाक्षीने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"माझीच चूक," निवेदिता सिंकपासून म्हणाली. "मी तिला आधी सांगायला हवं होतं."

मीनाक्षीने तिच्याकडे पाहिलं. मुलं हिची, 'चला, चला' हिचं, ईशिताचा पहिला फोन हिला. आणि आता ही चूकही हीच घेऊन जाणार.

"नाही," ती म्हणाली. "तिने सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. आणि टिली नको म्हणत होती तेही मी ऐकलं. दोन्ही वेळा ऐकलं."

शॅरनने काही आठवडे घरी राहायला सांगितलं. परत यायचं असेल तर यावं, पण स्वयंपाकघरापुरतं. दारातून बाहेर पडताना निवेदिताने गाडीची किल्ली नुसती वर धरून विचारलं. मीनाक्षीने नकारार्थी मान हलवली आणि ती बसने गेली.

ती परत येईल असं यतीनला वाटलं नव्हतं. खरं तर तिलाही नव्हतं. पण त्या घरात निवेदिता एकटीच असणार, हा विचार घरी बसून सोसण्यापेक्षा तिथे जाऊन भांडी घासणं सोपं होतं.

ती परतली त्या शनिवारी केलीचीच भेट होती. सकाळी टिली स्वयंपाकघरात आली. मानेवर पुन्हा घरटं तयार होतं, पहिल्यापेक्षा थोडं लहान.

"टोस्ट?"

"नो, थँक्यू."

मीनाक्षीने पाव पिशवीत परत घातला आणि पिशवीचं तोंड पिळून बंद केलं. टिली उभीच होती. पुढचा आग्रह कधी येतो याची वाट बघत असावी. तो आला नाही. मग तिने टोपलीतलं केळं उचललं आणि तिथेच, ओट्याला टेकून, खाल्लं.

केली आली, दार अर्धवट उघडं राहिलं. चहाचा ट्रे घेऊन जाताना मीनाक्षीने आत बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. केली टोकांपासून सुरुवात करत होती. मुळाशी केस घट्ट धरून, ओढ बसू नये म्हणून. टिलीचे डोळे अर्धे मिटले होते, आणि ती काहीतरी सांगत होती, न थांबता, शाळेतलं. एवढं बोलताना मीनाक्षीने तिला कधी ऐकलं नव्हतं. तिने दारावर टकटक केली, ट्रे आतल्या टेबलावर ठेवला आणि वळली.

"तुम्हीच का त्या?" केलीने विचारलं. "वेण्यावाल्या?"

"हो," मीनाक्षी म्हणाली. "सॉरी. मला—"

"टिली म्हणते, खेळाच्या तासालाही सुटल्या नाहीत त्या." केली ब्रशमधले केस काढत होती, वर बघत नव्हती. "कशा घालायच्या?"

केस आता मोकळे, सरळ, टिलीच्या पाठभर पसरले होते. मीनाक्षीचे हात पुढे झाले आणि थांबले. कोपऱ्यातून शॅरन बघत होती. मीनाक्षीने शेजारचं स्टूल ओढलं, केलीकडे पाठ करून त्यावर बसली आणि स्वतःच्या केसांचा चाप काढला. पिकलेले केस खांद्यावर आले.

"माझ्यावर बघा करून," ती म्हणाली. "तीन भाग करा. आधी कडेचा, मग मधला."

केलीची बोटं गार होती. चाचपडत होती. टिली समोर येऊन वाकून बघू लागली. "मम, तो नाही, तो दुसरा!" ती म्हणाली आणि चक्क हसली. मीनाक्षीने डोळे मिटले. तिच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागून किती वर्षं झाली होती, ते तिने मोजलं नाही.

दाराची बेल वाजली.

"नीवी आली!" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं.

"मम, थांब हं, नीवीला दाखवून येते!" टिली म्हणाली, आणि नुकतेच सोडवलेले केस उडवत ती दाराबाहेर धावली.

केलीचे हात थांबले.

"ही नीवी कोण?"

"मैत्रीण आहे माझी."

"टिली सारखं तिचंच नाव घेते."

"सगळेच घेतात," मीनाक्षी म्हणाली.

हॉलमधून "चला, चला!" ऐकू आलं आणि पाठोपाठ टिलीचं हसणं. दोघी ते ऐकत राहिल्या. मग केलीने पुन्हा तीन पेड हातात घेतले आणि पहिला पीळ घातला तो इतका ओढून की मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असंच," ती म्हणाली. "अजून थोडं घट्ट."